सर्व्हरने घर ओळखलं नाही

जयपुरात आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येताना दिसली की घरातल्या सगळ्या वायरी उपटायच्या, हा माझा कायदा. आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, हयात होते तेव्हा त्यांनीही तो कधी मोडला नाही. एका आंधीत टीव्ही आणि फ्रिज दोन्ही जळाले, तेव्हापासून मी वाट बघत नाही. त्या रविवारी स्टेशनच्या बाजूने आभाळ मातकट झालं, तशी मी बनी पार्कातल्या आमच्या घरभर फिरले आणि दिसेल ती वायर काढली. उत्कर्षाच्या खोलीतलं नेटचं ते लुकलुकणारं डबडंही सोडलं नाही. ती आंघोळीला गेली होती.

उत्कर्षा माझी सून. मुलगा रणजित फौजेत, सध्या सीमेवर. ही लेक मैत्रेयीला घेऊन माझ्याजवळ राहते आणि एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे मोठाली कॉम्प्युटरं. ती आहेत तिकडे मुंबईला आणि राखण करणारी माझ्या घरात. मी तिला म्हणायचे, शेतात न जाता पाखरं हाकलणारी तू पहिलीच बघते.

तिच्या साहेबांचं, पृथ्वीराजजींचं मतही माझ्यासारखंच होतं. हा महिना घरून नीट निभावलं तर ठीक, नाहीतर गुडगावच्या ऑफिसात येऊन बसा, असं त्यांनी बजावलं होतं. लेकीची शाळा इथे, नवरा सीमेवर. गुडगाव म्हणजे नोकरी सोडणंच आलं. आणि त्या दुपारी इथल्याच गोपालपुऱ्यातल्या एका क्लासची मोठी परीक्षा होती. पोरं हॉलात कॉम्प्युटरपुढे बसणार, पेपर सर्व्हरवर उघडणार, आणि तो उघडायचा उत्कर्षाने.

आंधी गेली, मी वायरी परत लावल्या. उत्कर्षा कामाला बसली आणि तिचा चेहरा उतरला. सर्व्हर तिला आत घेईना.

मी विचारलं, पासवर्ड विसरलीस काय?

"नाही आई. पासवर्ड चुकला असता तर तो नाही म्हणाला असता. हा काही बोलतच नाही."

मी जागच्या जागी थांबले. हे मला समजलं. नाही म्हणणारा निदान दारापर्यंत आलेला असतो. जो बोलतच नाही, त्याच्यापर्यंत आपली हाक पोचलेली नसते.

मग तिने एकेक गोष्ट निवडून बाजूला टाकली. नेट चालू होतं. बाकी सगळं उघडत होतं. ऑफिसातून सर्व्हर आत घेत होता, हे तिला मोबाइलवरच्या नोंदीत दिसलं. म्हणजे अडलं होतं ते फक्त आमच्या घरापाशी. तिने त्या डबड्याकडे बघितलं आणि विचारलं, आंधीत हे बंद केलं होतं का. केलं होतं, मी म्हटलं, आणि पुन्हा आंधी आली तर पुन्हा करीन.

ती चिडली नाही. प्रत्येक घराच्या नेटला नंबर असतो म्हणाली. सर्व्हर दोनच नंबर ओळखतो, एक ऑफिसचा, एक आपला. डबडं बंद होऊन चालू झालं की नेटवाले कधी कधी नवा नंबर देतात. तसाच आज मिळाला. आता आपण त्याला परके.

"एवढ्या लांबून त्याला घर ओळखू येतं?"

"आधी घर, मग माणूस."

तिने साहेबांना फोन लावला. ऑफिसात ते एकटेच होते. आधी तोंडसुख घेतलं, मग म्हणाले, हे असलं काम मी कित्येक वर्षांत केलेलं नाही. मी सांगते तसं करा, ती म्हणाली. तिने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि डोळे मिटले.

"आता तीन ओळी दिसतील. वरची नुसता मथळा, खालची आमची जुनी, मधली ऑफिसची, तिला हात लावू नका. तिच्याखाली नवी लिहा."

ते लिहीत आणि एकेक अक्षर वाचून दाखवत. ऑफिसची ओळ बिघडली असती तर सगळ्यांनाच दार बंद झालं असतं. एकदा ही म्हणाली, ठिपका राहिला, मागे या. खरंच राहिला होता. त्या माणसाच्या डोळ्यांपुढे असून त्याला दिसला नव्हता. आमच्या गावची सुईण पोटावर हात ठेवून आतलं मूल कसं आडवं आहे ते सांगायची. हिने तर हातही ठेवला नव्हता. 

"तुमच्या पडद्यावरची खिडकी बंद करू नका. मी आत आले की मगच."

तिने डोळे उघडले, बोटं चालली. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली. आत घेतलं.

साहेबांच्या जिवात जीव आला, तसं त्यांनी विचारलं, हे झालं कसं. उत्कर्षा म्हणाली, "घरचा नंबर बदलू शकतो हे मला ठाऊक होतं. दुसरी वाट करून ठेवायला हवी होती. चूक माझी."

माझं नाव तिने घेतलं नाही. पण माझ्या घरात माझं केलेलं कोणी आपल्या डोक्यावर घेत नाही. मी फोन ओढला आणि माझ्या छावणीतल्या हिंदीत सांगितलं, वायर मी काढली, माझ्या घरात मीच काढणार. आणि जी डोळे मिटून तुमच्यासमोरचा पडदा वाचते, तिला तुमच्यासमोर बसवून तुम्ही काय करणार आहात?

साहेबांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माताजी, इन्हें घर पर ही रहने दीजिए."

थोड्या वेळाने परीक्षा सुरू झाली. पडद्यावर ओळी खालून वर सरकू लागल्या, आधी एखाददुसरी, मग झरझर. ह्या काय म्हणून विचारलं तर उत्कर्षा म्हणाली, एकेक ओळ म्हणजे एकेक मूल आत आलं. मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. पोरं गोपालपुऱ्यात, पेपर मुंबईत आणि दार उघडून देणारी माझ्याजवळ बसलेली. मी खुर्ची ओढून घेतली.

मैत्रेयी आली आणि विचारू लागली, आजी, काय बघतेस?

गप बस म्हटलं, पोरं येतायत.