मान वर करू नये

मी एक जुना छताचा पंखा आहे. गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, भूमितीचा पेपर चालू असताना, मी छतातून सुटून बाक क्रमांक चौदावर पडलो. बाकाचे दोन तुकडे झाले. माझी दोन पाती वाकली. तिसरे सरळ राहिले, ते कशाच्या आशेवर राहिले मला माहीत नाही.

पण मित्रांनो, असे काही घडलेच नाही. चौकशी समितीच्या अहवालात तसे स्वच्छ लिहिले आहे आणि त्याखाली तीन सह्या आहेत. तेव्हा आपणही असेच धरून चालू की मी अजून वर आहे, फिरतो आहे आणि खाली सगळे ठीक आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक मावशी पात्यांची वजने जुळवायच्या. शेकडो पात्यांतून एकसारखी तीन शोधायची आणि एका पंख्याला द्यायची, हे त्यांचे काम. माझी तीन जमली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा काही डुलणार नाही गं. हा पडलाच तर दुसऱ्या कुणाच्या चुकीने पडेल." लहानपणी मिळालेले आशीर्वाद शेवटपर्यंत ऐकावेत, मित्रांनो. मी पहिलेच वाक्य ऐकले आणि खूश होऊन खोक्यात बसलो.

आम्ही आठ भाऊ एकाच टेम्पोतून शाळेत आलो. आम्हाला मोठ्या हॉलमध्ये लावायचे होते. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या फार शिस्तीच्या. त्यांना आठही पंखे एका उंचीवर हवे होते. त्या खाली सुतळी ताणून उभ्या राहिल्या आणि वायरमनदादा शिडीवर चढले.

दादा हुशार होते. त्यांनी माझा दांडा हुकात अडकवला, बोल्ट घातला, नट आवळला. तो नट पुढे कधी फिरू नये म्हणून बोल्टाच्या टोकातून एक बारीक पिन घालायची असते. ती पिन त्यांनी दातात धरली होती. इतक्यात खालून हाक आली.

"दादा, हा एक बोट खाली वाटतोय."

दातात पिन धरून बोलता येत नाही. दादांनी ती खिशात टाकली आणि म्हणाले, "बाई, सुतळी तिरकी धरलीय तुम्ही."

"सुतळी सरळ आहे. तुमचा पंखा तिरका आहे."

यावर दोघांनी अर्धा तास सुतळी पाहिली. संध्याकाळी दादांनी त्याच पिनेने कान कोरला. कान उत्तम साफ झाला. आठ पंखे, आठ हाका, आठ पिना. उंची मात्र अशी साधली की कुठे केसाचा फरक नाही. त्या दिवशी मोठ्या बाईंनी डोळे भरून आमच्याकडे पाहिले. पुन्हा कोणी पाहावे असे आमच्यात काही उरले नसावे.

मी इमानाने फिरलो. उन्हाळ्यात मुले माझ्याखालच्या बाकासाठी भांडत, दप्तरे फेकून जागा धरत. पंख्याचे नशीब चमत्कारिक असते. तो चालू असेपर्यंत कोणी मान वर करत नाही; बंद पडला की सगळा वर्ग एकदम वर बघतो. मला जे काही कौतुक मिळाले ते वीज गेल्यावर मिळाले.

माझ्या बोल्टाला अकरा आटे होते. नट वर्षाला एका आट्याने खाली सरकत होता. आठव्या वर्षापासून मी दर फेरीला टक् करू लागलो. शाळेचे शिपाई, म्हणजे आमचे मामा, यांनी ते सर्वांत आधी ऐकले. त्यांना वाटले, भिंतीवरचे घड्याळ बिघडले. त्यांनी ते तीनदा दुरुस्तीला नेले. तिसऱ्यांदा घड्याळ दुकानातच राहिले. टक् हॉलमध्येच राहिले. मामा ओस पडलेल्या खिळ्याकडे बघून म्हणाले, "कानाला सवय लागली, दुसरं काय."

आता घार सरांविषयी सांगतो. परीक्षेला हॉलवर नेहमी तेच असत. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. खोडरबराच्या पोटात कोरलेली सूत्रे त्यांनी पकडली. बोटाच्या बँडेजमधली नदीखोऱ्यांची नावे पकडली. एका मुलाचे नखाएवढे अक्षर पकडून ते स्वतःच वाचू शकले नाहीत, तेव्हा भिंग मागवून पकडले. गेल्या वर्षी परीक्षा चालू असताना दोन माणसे हॉलमधले लोखंडी कपाट उचलून घेऊन गेली. त्यांना वाट मिळावी म्हणून सरांनी पाय बाजूला घेतला. नंतर पोलिसांनी विचारले, तुम्ही बघत होतात ना? सर म्हणाले, "बघत होतो ना. दोघांकडेही कॉपी नव्हती."

त्या सोमवारी पेपर सुरू होण्याआधी सरांनी नवे परिपत्रक वाचून दाखवले. कुठल्याशा केंद्रावर झरोक्यातून उत्तरे सांगितली गेली होती, म्हणून यापुढे परीक्षार्थींनी पेपर संपेपर्यंत मान वर करू नये. चाळीस माना खाली गेल्या. माझ्या बोल्टावर अर्धा आटा शिल्लक होता.

बाक क्रमांक चौदावर एका गवंड्याची मुलगी बसली होती. तिला पुढे इमारतींचे नकाशे काढायला शिकायचे होते. ते शिकवणाऱ्या शाळेत प्रवेश हवा तर भूमितीत चांगले गुण पाहिजेत, आणि भूमिती तिला येत होती. पण तिच्या वडिलांनी तिला एक वाईट खोड लावली होती. ते म्हणत, कुठल्याही खोलीत शिरलं की आधी वर बघावं, मग बसावं. सरांच्या धाकाने ती वर न बघताच बसली होती. दुसरा प्रश्न सोडवून झाल्यावर तिला राहवले नाही.

तिने मला पाहिले. माझ्या दांड्यावरची वाटी आणि छत यांच्यात फट पडली होती.

"सर," ती म्हणाली, "वरचा पंखा—"

"वर काय आहे? उत्तर आहे?"

"नाही सर. तो सुटतोय."

"पेपर सुटायला अजून दोन तास आहेत. खाली बघ."

मागच्या बाकांवर कोणी तरी खुसखुसले. सरांनी वहीत तिच्या क्रमांकापुढे एक रेघ मारली.

थोड्या वेळाने मामा पाण्याची कळशी घेऊन आले. ती पेल्याआड तोंड लपवून कुजबुजली, "मामा, त्या पंख्याच्या वाटीवर बोटभर फट होती. आता दोन बोटं झालीय. बघा ना."

"बाळा, आज भूमिती ना? मग भूमिती बघ. मला बरोबर सव्वाअकराला टोल द्यायचाय, माझं चित्त विचलित करू नकोस." मामांच्या मनगटावर दोन घड्याळे होती. ती दोन्ही बघत ते निघून गेले.

तिने तिसऱ्यांदा वर पाहिले, तेव्हा घार सर तिच्या शेजारीच उभे होते.

"तीन वेळा," ते शांतपणे म्हणाले. "कोण सांगतंय तुला वरून?"

"कोणी नाही सर. तुम्ही एकदा वर बघा. एकदाच."

"म्हणजे मी वर बघायचं आणि तू खाली कॉपी काढायची. कच्च्या गुरूचा चेला वाटलो का मी?"

सरांनी तिच्या डोळ्यांत पाहिले. तिच्या दोन्ही बुबुळांत मी होतो, छोटासा, एका अंगाला कललेला. सरांनी बुबुळांच्या कडेला काही लिहिलेले आहे का, ते तपासले. मग तिचा पेपर काढून घेतला, तिला पुढे आपल्या टेबलाशी बसवले आणि बाक क्रमांक चौदाची झडती घ्यायला परत आले.

ते गुडघ्यांवर बसले. त्यांनी डोके बाकाखाली घातले. त्यांची पाठ, मानेवरचे पांढरे केस आणि सदऱ्याची उसवलेली शिवण माझ्या बरोबर खाली होती. मित्रांनो, मी घट्ट धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. पण धरायला मूठ लागते, आणि मला जे मिळाले होते ते फिरण्यासाठी मिळाले होते. मी जितका फिरत होतो, तितका सुटत होतो.

"सर, तिथून बाहेर या," मुलगी म्हणाली.

"जागेवरून हलायचं नाही," बाकाखालून आवाज आला.

ती हलली नाही. टेबलामागेच बटणांची पाटी होती. तिने बसल्या जागेवरून हात लांब केला आणि माझे बटण बंद केले.

माझा वेग उतरला. बाकाखाली सरांच्या मानेवर घाम जमला. मला वाटले, वारा थांबला की माणूस वर बघतो, अकरा वर्षे हेच पाहिले आहे. सरांनी मात्र मान फिरवून बटणांच्या पाटीकडे पाहिले. ते उठले, गुडघे झटकले आणि टेबलाकडे चालू लागले. सहा पावले.

"पंखा कोणी बंद केला?"

"मी."

"कोणाच्या परवानगीने?"

आणि मग, मित्रांनो, जे घडलेच नाही ते घडले नाही. ते घडले नाही तेव्हा फार मोठा आवाज झाला. बाकाच्या फळीचा तुकडा पार दारापर्यंत गेला. बाकीची एकोणचाळीस मुले जागच्या जागी दचकली. पण एकानेही मान वर केली नाही. परिपत्रक होते ना.

सरांनी सदऱ्यावरची धूळ झटकली आणि ते म्हणाले, "कोणी इकडेतिकडे बघू नका. पेपर चालू ठेवा." मग ते माझ्याजवळ आले आणि माझ्या पात्यांवर काही लिहिले आहे का, ते पाहू लागले. अकरा वर्षांत मला इतक्या जवळून कोणी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती आली. तिघे जण होते आणि त्यांचे लक्ष विलक्षण होते. परीक्षा चालू असताना पंखा पडणे नियमावलीत बसत नव्हते. पंखा जप्त होणे बसत होते. म्हणून मी पडलो नाही, मला तपासासाठी खाली घेण्यात आले. मुलगी बटण दाबून इशारे देत होती असे ठरले. माझ्या तीन पात्यांचा अर्थ पर्याय क्रमांक तीन असा लावण्यात आला. पेपरात पर्यायांचा प्रश्नच नव्हता, असे मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, "त्यातच तर त्यांची हुशारी आहे."

मला सुतळीने बांधून, गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी अडकवून कोपऱ्यात ठेवले. मुलीचा पेपर लाखेने बंद झाला. तो तपासायचा की रद्द करायचा, एवढाच निर्णय उरला आहे. त्याची बैठक आज, आत्ता, याच हॉलमध्ये चालू आहे.

गवंडी आपल्या लेकीला घेऊन आला आहे. दारात आल्याबरोबर त्याने वर पाहिले आणि लेकीला उंबऱ्याबाहेरच धरून ठेवले.

"साहेब," तो म्हणाला, "टेबल जरा मागं घेता का?"

"तुमच्या मुलीच्या पेपरबद्दल बोला," अध्यक्ष म्हणाले.

"पेपरबद्दलच बोलतो, साहेब. पण आधी टेबल मागं घ्या."

"हे बघा, विषयांतर करून समितीचं लक्ष उडवायचा प्रयत्न करू नका. सर, लिहून घ्या. वडीलही वर बघतात."

घार सरांनी लिहून घेतले.

मित्रांनो, कोपऱ्यात उताणा पडल्यामुळे मी प्रथमच छत खालून पाहतो आहे. माझे सात भाऊ वर आहेत, एका उंचीवर, केसाचाही फरक नाही. समितीने टेबल बरोबर तिसऱ्याखाली मांडले आहे, कारण तिथे वारा चांगला लागतो. तिसऱ्याच्या वाटीतून काळी भुकटी झिरपते आहे. ती अहवालावर पडते. अध्यक्ष फुंकर मारतात आणि पुढचे कलम वाचतात. मुलीने वडिलांचा हात सोडवून बटणांच्या पाटीकडे पाहिले. पण समितीने हुशारीने पाटीला कुलूप लावले आहे.

ज्याची काळजी घ्यायची, त्याच्याकडे तो चालू असतानाच बघत जा, एवढे तुम्हाला सांगून ठेवतो. ज्यांना सांगायला हवे त्यांच्यासाठी मी खालील अर्ज केला आहे.

प्रति, मा. अध्यक्ष, चौकशी समिती. विषय: मान वर करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, बाक क्रमांक चौदावरील परीक्षार्थीचा पेपर उघडून तिला तिचा उरलेला वेळ परत द्यावा. तसेच समितीच्या सर्व सदस्यांनी व घार सरांनी आपापल्या खुर्च्यांसह चार हात मागे सरकून एकदा छताकडे पाहावे. अर्जदार मुद्देमाल असल्याने त्यास बोलण्याचा अधिकार नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन तो आजच्या तारखेत, आणि शक्य असल्यास हे वाक्य पूर्ण होण्यापूर्वी, मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.