मधल्या भिंतीची भेग

रश्मीनं स्टीलची पातळ पट्टी भेगेत सरकवली. पट्टी निम्म्याहून जास्त आत गेली आणि पलीकडून कुणीतरी ती टक्कन मागे ढकलली.

"अगं बाई!" रश्मीनं दचकून हात मागे घेतला.

"जाऊबाई असणार," उत्तराकाकू म्हणाल्या. "माझ्या घरातलं काही तिकडे गेलेलं त्यांना चालत नाही."

मुलुंडमधून रडतखडत जाणारी वाहतूक डोंगराखालच्या बोगद्यातून परस्पर पलीकडे न्यायची, असं ठरलं होतं. बोगद्याचं अजस्र मशीन या सोसायटीच्या जवळूनच खालून जाणार होतं. पुढे "तुमच्या मशीननं केलं" आणि "तुमचं आधीचंच होतं" असं भांडण नको, म्हणून आधी घरोघरी जाऊन होत्या तेवढ्या भेगांची नोंद करायची, हे रश्मीचं काम. नकाशावर बोगदा काढणाऱ्यांना फक्त खडक दिसायचा. हिला लोकांच्या भिंती बघाव्या लागायच्या. पण तिला त्यात गंमत वाटायची. तिरकी भेग म्हणजे पाया खचलाय, जाळीसारखी असली तर नुसता गिलावा सुकलाय, हे ती आता चहा पिता पिता सांगायची. ही भेग मात्र छतापासून फरशीपर्यंत अगदी ओळंब्यात होती. इतकी सरळ भेग आपसूक पडत नाही.

"काकू, ही भिंत नंतर घातली का हो?"

"भाऊभाऊ भांडले नि घातली. आधी हे सगळं एकच घर होतं. पुढे दोघेही गेले. आम्ही जावा आहोत, एक अलीकडे, एक पलीकडे."

"आणि बोलणं?"

"ते भिंतीआधीच बंद झालेलं."

म्हणजे नव्या विटा जुन्या भिंतीत गुंतवल्याच नव्हत्या, नुसत्या टेकवल्या होत्या. रश्मी खूश झाली, कोडं सुटलं. पण लगेच दुसरं समोर आलं. काकूंच्या पलंगाचं डोकं बरोब्बर भेगेला लावलेलं होतं आणि पंखा होता खोलीच्या पार त्या टोकाला.

"इथे उकडत नाही का तुम्हाला?"

काकूंनी आधी उशीचा अभ्रा नीट केला. मग म्हणाल्या, "जाऊबाईंना दमा आहे. रात्री खोकल्या की कळतं, आहेत. मग मला झोप लागते." आणि पुढे, "मशीन गेल्यावर ही भेग बुजवणार का गं तुम्ही?"

"नियमच आहे, काकू."

"सगळ्याच बुजवायला हव्यात का?"

रश्मीनं पट्टी पुसली आणि शेजारची बेल वाजवली.

कुमुदिनीकाकू निवृत्त गणिताच्या बाई. दार उघडलं ते हुकूम सोडतच.

"आजच्या आज भरा ती भेग. तिचा कुकर माझ्या डोक्यात वाजतो. त्यात हल्ली एकच शिट्टी करते. भात कच्चा राहतो अशानं. उद्या पोट बिघडलं तर बघणार कोण आहे?"

रश्मीनं हसू गिळलं. "आत्ता नाही भरता येणार. मशीन जाईपर्यंत भेग हलते का, ते बघायचंय."

त्यासाठी तिच्याकडे गेज होतं. प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या, भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक, टोकं एकमेकींवर आलेली. एकीवर बारीक चौकटी, दुसरीवर लाल फुली. भिंत हलली की फुली शून्यावरून सरकते. कुमुदिनीकाकूंच्या बाजूचा गिलावा ओलीनं भुसभुशीत झाला होता, तिथे गेज चिकटेना. म्हणजे लावायचं उत्तराकाकूंकडे.

"रोजचा आकडा त्या मला कळवतील," रश्मी म्हणाली.

"ती? तिला मोतीबिंदू आहे. आणि डोळे चांगले असते तरी तिचा आकडा मी का मानायचा?"

"मग तुम्ही येऊन बघा."

कुमुदिनीकाकूंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "उंबऱ्यातून बघेन."

"उंबऱ्यातून नाही दिसणार, काकू. आकडे बारीक आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मीच्या फोनवर मेसेज आला: 'शून्य.' तिसऱ्या दिवशीही 'शून्य.' पुढच्या आठवड्यात: 'शून्य. उत्तराने साबुदाणा भिजवून पार लगदा केला आहे.' रश्मीनं तो मेसेज साइटवरच्या देवेशला दाखवला. तो म्हणाला, "यार, हे पण रिपोर्टमध्ये टाकायचं का?" मशीन सोसायटीच्या बाजूनं गेलं तेव्हा कपबशीसुद्धा वाजली नाही. त्या दिवशीचा मेसेज होता: 'शून्य. दोघी जाग्या होतो.'

मशीन पुढे गेलं आणि भेगा बुजवायचा हुकूम निघाला. रश्मी काशीराम मिस्त्रीला घेऊन उत्तराकाकूंकडे आली. मिस्त्रीच्या हातातली बादली दिसताच काकूंचा चेहरा उतरला. त्या पलंगाच्या कडेवर जाऊन बसल्या. आत खुर्चीवर कुमुदिनीकाकू मेथी निवडत होत्या, चपला दाराबाहेर काढलेल्या. रश्मीला स्वतःच्या नोकरीचा राग आला, पण काम ते काम.

"काकू, आज भरून टाकतो. तुम्हीच मागे लागला होतात ना?"

कुमुदिनीकाकूंनी मेथीचं ताट खाली ठेवलं. चष्मा सारखा करत त्या भिंतीशी गेल्या आणि बराच वेळ गेजवर वाकून राहिल्या.

"आज नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "अजून हलतेय."

रश्मी वाकली. लाल फुली शून्यावर होती, केसभरही इकडे तिकडे नाही. काशीरामनंही मान पुढे काढून पाहिलं.

"मॅडम, हे तर..."

"थांबा हो जरा," रश्मी म्हणाली. मग तिनं बाईंना विचारलं, "किती हलली, काकू?"

जन्मभर पोरांचा अर्धा मार्कसुद्धा न सोडलेल्या कुमुदिनीकाकूंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या परत मेथीच्या ताटाशी जाऊन बसल्या.

"किती ते उद्या बघून सांगते."

रश्मीनं काशीरामला बादली उचलायला सांगितलं.