सरीनं ऐकलेली नदी

मित्रांनो, मी सांगणार आहे ते कुणालाच खरं वाटणार नाही. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता, त्या दुष्काळात मी एका बाईच्या गळ्यात नदी वाहताना ऐकली.

मी एक जुनी चांदीची सरी आहे. पिशोरच्या सोनारानं मला असं ठोकलं की त्या हातोडीचा आवाज कन्नडच्या घाटात अजून घुमतोय म्हणतात. लग्नात केरबानं मला सारजाबाईच्या गळ्यात घातलं. काय दिवस होते ते! ती मेंढरांमागं चालायची आणि मी उन्हात झळकायची. मला बघून मेंढरंसुद्धा चरायचं विसरत. त्या घरचा रिवाज एकच, नवरा हयात आहे तोवर सरी उतरवायची नाही.

पुढं पावसानं पाठ फिरवली. कळप विकून दोघं बजाजनगरला लेकाकडं, अजिनाथकडं आली. तिथं रोज नवी इमारत उठायची आणि रोज टँकरपुढं भांडण. सारजाबाई वाळत चालली. हात थरथरायचे, छाती धडधडायची. शेजारणी म्हणायच्या, दुष्काळानं कुणाला सोडलंय? गळा मात्र भरत होता आणि मी त्यात रुतत होते. घरच्यांना वाटलं, सरीच आखडली. सोनाराला घरी बोलावून दोनदा तिच्या गळ्यातच माझी तोंडं फाकवून घेतली. दुखणं तिचं, पक्कड मला!

माझ्याखाली तिच्या गळ्यात नदी वाहावी तशी घरघर चालायची, ती मला एकटीलाच ऐकू यायची. शेवटी धाप लागली तेव्हा अजिनाथनं आईबापाला, लेकीला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टर सुकेशनीताईंनी गळ्याला नळी लावली आणि त्यांनाही तीच घरघर ऐकू आली. त्यांनी समजावलं, की थायरॉइडची गाठ वाढताना रक्तवाहिन्या वाढवणारी रसायनं सोडते. नव्या वस्तीनं पाइपलाइन मागावी, तसंच. नव्या वाहिन्या फुटतात, रक्त लोंढ्यानं धावतं, गाठ आणखी पोसते. हे वाळणं, ही थरथर त्या गाठीमुळंच; औषध लांबलं तर हृदय थकेल. तपासणीला सरी मात्र काढावी लागेल.

सारजाबाई उठून उभी राहिली. "धनी समोर बसलेत. जीव गेला तरी सरी नाय उतरायची."

पुढं औषधांनी ती सावरली, घरघर थांबली. नदी आटल्याचा आनंद मी त्याच वर्षी पाहिला. आता मी डब्यात असते आणि त्या उबदार गळ्याची आठवण काढते. मित्रांनो, गळा सुजला तर दागिन्याला दोष देऊ नका, वेळेवर डॉक्टरला दाखवा.

आणि मी उतरले कशी, विचारता? तिची आण मोडू नये म्हणून कुणी हात न लावता मी आपणहून उघडले आणि टेबलावर उडी घेतली. सगळा दवाखाना टाळ्या वाजवत होता...

"खोटं," मला पुसत बसलेली तिची नात ज्ञानेश्वरी म्हणाली. "मी व्हते की तिथं. आज्यानं काढली तुला. म्हणला, सारजे, मी जित्ता हाय. तू बी ऱ्हाय."