मान्यता नसलेली शाळा

आई गेली तेव्हा ताईनं वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. तशी ती एकाच माणसाची ताई, धाकट्या भावाची. पण इमारतीतले लोक, दुकानाचे मालक, दुकानात येणारी गिऱ्हाइकं, सगळेच तिला ताई म्हणत. तिचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर यायचं.

ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मालकांनी तिला सांगितलं होतं, "तुम्ही सकाळचंच या, दुपारी आईजवळ राहा." त्याला बरीच वर्षं झाली. आई गेल्यावरही ताई दुपारी घरीच यायची. दार उघडायची, चपला काढायची, आणि मग पुढे काय करायचं ते तिला सुचायचं नाही. पलंग दवाखान्याचा होता, तो परत नेला होता. त्या जागी फरशीवर चार पायांचे डाग तेवढे राहिले होते. ते घासूनही जात नव्हते.

मग मालकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. "मलाच दिसेनासं झालंय," ते म्हणाले, "लोकांचे डोळे आता कुठल्या तोंडानं तपासू?" ताई हसली. घरी येऊन मात्र बराच वेळ ती त्या डागांकडे बघत बसली.

भावाचा रविवारी फोन आला. "इकडे ये ना राहायला," तो म्हणाला. तो नेहमीच असं म्हणायचा. कधी ये, ते मात्र कधी सांगायचा नाही.

इमारतीच्या तळमजल्यावर एक दवाखाना होता. तिथल्या सिस्टर आईच्या पाठीच्या जखमा बांधायला वर यायच्या. उंच, जाड काचांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी भीतीच वाटावी. जिन्यात त्यांनी ताईला गाठलं.

"दुकान बंद झालं म्हणे. आता काय करणार?"

"बघते काहीतरी."

"बघते म्हणून काही दिसत नाही. ऐका. आमची पुढे बसणारी मुलगी वर्षभरानं जाणार आहे. डॉक्टरांना असं माणूस हवंय जे पेशंटचा रक्तदाबही बघेल आणि विम्याचे कागदही करेल. मेडिकल असिस्टिंग आणि बिलिंग म्हणतात त्याला. आता घरबसल्या शिकता येतं."

"या वयात?"

"रक्तदाब मोजणाऱ्याचं वय कोण विचारतं? मात्र शाळा नीट बघून घ्या. यात शाळा कमी आणि सापळे जास्त. मान्यता कोणाची ते विचारा. आणि प्रत्यक्ष काम कुठे करून घेतात ते विचारा. व्हिडिओ बघून कोणाला पोहता आलंय का?"

ताईनं त्याच दिवशी इंटरनेटवर शोधलं. पहिल्याच शाळेच्या पानावर पांढऱ्या कोटातली माणसं दात दाखवून हसत होती. तिनं चौकशीसाठी नंबर टाकला. चहा कपात ओतेपर्यंत फोन वाजला.

"नमस्कार ताई! मी शाळेतून काउन्सेलर बोलतेय. जेवण झालं का?"

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. हा प्रश्न या घरात रोज विचारला जायचा, पण विचारायची ती. तिला कोणी विचारून किती काळ लोटला होता ते तिला आठवेना.

"झालं," ती म्हणाली. झालं नव्हतं.

काउन्सेलरचा आवाज थोडा बसका होता. मागे बाजार भरल्यासारखा गलका ऐकू येत होता. ती भराभर बोलली. अभ्यास सोपा, नोकरी पक्की, सवलत फक्त आजच्या दिवस. ताईनं निम्मं आयुष्य काउंटरमागे काढलेलं होतं. दुकानदार ज्या फ्रेमची गॅरंटी आपणहून तीनदा सांगतो ती फ्रेम आधी मोडते, हे तिला ठाऊक होतं. तिनं सिस्टरांचे प्रश्न काढले.

"मान्यता कोणाची आहे?"

"आंतरराष्ट्रीय आहे, ताई."

"हो, पण कोणाची?"

"सगळ्यांचीच."

"बरं. आणि प्रत्यक्ष काम कुठे शिकवता?"

"सगळं व्हिडिओवर. अगदी घरबसल्या."

"सुई कशी टोचायची तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"आणि टोचायची कोणाला?"

ती बाई एकदम हसली, खळखळून, शिकवलेलं नसावं असं. ताईही हसली. घरात आपला आवाज इतका मोठा घुमतो हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अशा शाळांना मान्यता देणाऱ्या कार्यालयात फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक कारकून बोलायला आला. त्यानं शाळेचं नाव पुन्हा विचारून घेतलं, काहीतरी टाइप केलं.

"नाही हो. आमच्याकडे अशी कुठलीच शाळा नाही."

"त्यांच्या पानावर शिक्का आहे."

"शिक्का कोणीही छापतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. शाळा काय दाखवते त्यावर जाऊ नका, आमच्या यादीत बघा. यादी सगळ्यांना खुली आहे."

म्हणजे प्रश्न मिटला होता. बाई दुपारी पुन्हा फोन करणार होती, तेव्हा सांगून टाकायचं, आणि नंबर बंद करायचा. चारच्या सुमाराला फोन वाजला.

"नमस्कार ताई. जेवण झालं का?"

ताई या वेळी खरं बोलली. "नाही अजून."

"अहो, चार वाजत आले! असं नका करू. घ्या वाढून. मी थांबते फोनवर."

ताईनं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि खरोखरच ताट वाढून घेतलं. फोनमधून तो बाजारासारखा गलका येत राहिला. मध्येच ती बाई खोकली. ताई जेवली, ताट उचलून ठेवलं, हात पुसले, आणि म्हणाली, "शाळेचं अजून बघते. नक्की नाही."

"सावकाश बघा," बाई म्हणाली.

त्यानंतर हे चालूच राहिलं. बाई फोन करायची, जेवण झालं का विचारायची, ताई जेवायला बसायची. मग थोडं शाळेविषयी बोलणं व्हायचं. ताई नवी शंका काढायची: परीक्षा कोण घेतं, शिकून गेलेल्या कोणाशी बोलता येईल का, मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, तसं लिहून देता का. बाई प्रत्येक शंकेला काहीतरी गोलमोल उत्तर द्यायची. उत्तर खोटं आहे हे ताईला कळायचं, तरी ती "अच्छा, अच्छा" म्हणायची. कधी बोलणं भलतीकडेच जायचं. बाईच्या शेजारणीनं खिडकीखाली कोंबडा पाळला होता. तो पहाट सोडून सगळ्या वेळी आरवायचा. ताईनं तिला अशा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, जो डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा हरवल्याची तक्रार घेऊन आला होता. फोन ठेवल्यावर दुपार थोडी छोटी झालेली असायची.

मधल्या काळात ताईनं यादीतली एक शाळा शोधली होती. एका जुन्या महाविद्यालयानं चालवलेली. तिथे फोन उचलला तो एका गृहस्थांनी, आणि तेही झोपमोड झाल्यासारखे.

"नोकरीची हमी देता का?" ताईनं मुद्दाम विचारलं.

"नाही. नोकरी आम्ही कोण देणार? शिकवतो. परीक्षेला बसता येतं, ती बाहेरची संस्था घेते. शेवटचे दोन महिने दवाखान्यात प्रत्यक्ष काम करावं लागतं. दवाखाना तुम्ही शोधा, करार आम्ही करतो. ते काम चुकवलं तर प्रमाणपत्र नाही. फी परतीचे नियम पानावर आहेत, वाचून घ्या."

"सवलत वगैरे?"

"नाही. महिनाअखेरपर्यंत प्रवेश चालू आहेत. विचार करून सांगा."

आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी तिचा नंबरही मागितला नाही. ही शाळा खरी आहे हे ताईला तिथेच कळलं. तरीही अर्ज भरून ती तो पाठवत नव्हती. सिस्टर जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय, झालं का?" आणि ताई म्हणायची, "चौकशी चालू आहे."

"चौकशी करता का वरसंशोधन?" सिस्टर एकदा वैतागून म्हणाल्या.

खरं कारण सांगायला ताईला लाज वाटत होती. एकदा प्रवेश घेतला की त्या बाईला सांगावं लागणार. सांगितलं की फोन बंद होणार.

महिना संपत आला. त्या दिवशी बाईनं जेवणाचं विचारलं नाही.

"ताई, आज तुम्ही हो म्हणायलाच हवं." आवाज अगदी बसला होता. "निदान अर्धी फी तरी भरा. माझ्या नावावर या महिन्यात एकही प्रवेश नाही."

ताईनं हातातला पेला खाली ठेवला. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

"तुमच्या शाळेला मान्यता नाही," ती म्हणाली. "मी कार्यालयात विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी."

पलीकडे गलका तसाच चालू होता. कोणीतरी कोणाला तरी आजच्या दिवसाची सवलत सांगत होतं.

"दुसऱ्याच दिवशी?" बाई शेवटी म्हणाली. "मग इतके दिवस फोन कशाला घेत होतात?"

"तुम्ही जेवणाचं विचारायचात म्हणून."

बाईनं आवाज खाली आणला, बहुतेक तोंडावर हात धरून. "ताई, ते आम्हाला छापूनच दिलेलं असतं. कागदावर पहिलीच ओळ असते ती."

ताईला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. कुठेतरी तिला ते माहीत असावं. पण चेहरा गरम झाला, आणि समोर कोणी नसतानाही तिनं पदर सारखा केला.

"तुम्ही जेवत असायचात ना," बाई पुढे म्हणाली, "तेवढा वेळ मला गप्प बसता यायचं. फोन चालू दिसला की साहेब येऊन उभे राहत नाहीत. दिवसभर बोलून घसा फाटतो. मी तुमच्या वाटीचमच्याचा आवाज ऐकत बसायची."

"इथे कशाला काम करता मग?" ताईनं विचारलं.

"तुम्ही कशाला फोन घेत होतात?" बाई म्हणाली. रागानं नाही. मग घाईघाईनं, "साहेब आले. ठेवते. ताई, पैसे भरू नका हं."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला फोन वाजला. ताईनं धावत जाऊन उचलला.

"नमस्कार मॅडम! जेवण झालं का?" एका तरुण पुरुषाचा आवाज होता, उत्साहानं ओथंबलेला.

"आधीच्या बाई कुठे आहेत?"

"कोण बाई? तुमची फाइल आता माझ्याकडे आहे, मॅडम. आजच्या दिवस आपल्याकडे एक खास सवलत..."

"माझा नंबर काढून टाका," ताई म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, आवाज अगदी सिस्टरांसारखा आला होता. त्या मुलानं बिचाऱ्यानं लगेच सॉरी म्हटलं.

त्याच संध्याकाळी तिनं महाविद्यालयाच्या शाळेचा अर्ज पाठवला.

अभ्यास सोपा नव्हता. पहिल्या वर्गात पडद्यावर चौकोनच चौकोन होते, बहुतेक काळे, कोणाचा चेहरा दिसत नव्हता. शिक्षिका हजेरी घ्यायच्या. ताई "हजर" म्हणायची, पण माइक बंद असायचा आणि तिला ते कळायचं नाही. दोन आठवडे तिची गैरहजेरी लागत गेली. शेवटी तिनं लेखी कळवलं तेव्हा ती दुरुस्त झाली. हाडांची नावं तिनं भांडी घासताना पाठ केली. आजारांचे कोड, विम्याचे नकार, नकारावर करायची अपिलं, हे तिला हाडांपेक्षा आवडलं. आईच्या वेळी ज्या कागदांनी नाकी नऊ आणले होते, ते आता आतून कसे असतात ते दिसत होतं. कधीकधी एखादा नियम वाचून ती मान वर करायची, कोणाला तरी सांगायला. मग पुन्हा खाली घालायची.

शेवटचे दोन महिने तिनं तळमजल्यावरच्या दवाखान्यात काढले. पहिल्या पेशंटच्या दंडाला पट्टा बांधताना तिनं तो इतक्यांदा सोडला आणि पुन्हा बांधला की तो म्हातारा गृहस्थच म्हणाला, "आधी तुमचा मोजा." सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त ताईचा हात धरून पट्टा दोन बोटं वर सरकवला.

"इथे. आता ऐका."

ताईनं कानात नळ्या घातल्या. आधी काहीच नव्हतं. मग ठोके आले, दूरवरून, एकामागून एक. दुसऱ्याच्या आत चाललेलं काहीतरी आपल्याला इतकं स्पष्ट ऐकू येतं, या नवलात तिला भानच राहिलं नाही, आणि आकडा बघायचा राहून गेला. सिस्टरांनी पुन्हा हवा भरायला लावली.

ती परीक्षा पास झाली. पुढे बसणारी मुलगी निघून गेली आणि तिच्या खुर्चीवर ताई बसू लागली. पहिल्या महिन्यात तिनं विम्याचा एक फेटाळलेला दावा मंजूर करून आणला. डॉक्टर "छान" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत गेला. संध्याकाळी तिनं भावाला फोन केला.

"अरे वा, ताई! मस्तच!" तो म्हणाला. मागे मुलांचं काहीतरी भांडण चाललं होतं. "थांब हं, जरा यांचं बघतो. नंतर करतो फोन."

"कर सावकाश," ती म्हणाली.

तिनं दिवा लावला. दवाखान्याचा पांढरा कोट बादलीत भिजवला होता, तो काढला, बाहीवरचा शाईचा डाग चोळून काढला आणि खिडकीतल्या दोरीवर वाळत घातला. कोट एकच होता आणि सकाळपर्यंत वाळायला हवा होता, म्हणून तिनं खिडकी थोडी उघडी ठेवली.