धार लावायला फुरसत नाही

मित्रांनो, नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या. मी एक जुना स्केलर आहे, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडणारं, टोकाशी वाकलेलं पोलादी हत्यार. हजारो लोकांच्या तोंडात जाऊन आलो आहे. आज हैदराबादेत आबिड्स भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी दातांचे साचे करायच्या प्लास्टरच्या डब्यांची झाकणं उचकटतो. मी रागात आहे आणि गोड बोलण्याचा माझा स्वभाव नाही.

कारखान्यात मला कुणीतरी तापवलं, ठोकलं, घासलं आणि खोक्यात घालून पाठवून दिलं. १९९० साली रेणूने मला हातात घेतलं. बरकतपुऱ्याच्या एकनाथरावांची ही मुलगी दात साफ करण्याचा दोन वर्षांचा कोर्स करून नुकतीच इथे लागली होती. दिवसाला सहा-सात पेशंट असत. दुपारी दवाखाना बंद झाला की ती दगडावर तेलाचा थेंब टाकून मला घासायची आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून धार बघायची. तिच्या सगळ्या हत्यारांना रोजचा पाऊण तास लागायचा. धारदार स्केलर हलक्या हाताने चालतो, बोथट झाला की मनगटाने रेटावा लागतो. पेशंट म्हणायचे, "रेणूताई, कळलंपण नाही हो!" ती खुलायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग शहरात नव्या कंपन्यांचं पीक आलं. जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि पुण्याहून आलेल्या डॉक्टर हर्षदांनी दवाखाना घेतला. त्यांनी कंपन्यांशी कर्मचाऱ्यांचे दात साफ करायचे करार केले. दर वीस मिनिटांना एक नवं तोंड खुर्चीवर येऊ लागलं, तेही घड्याळ बघत. दात साफ करायचं विलायती यंत्र आलं, पण ते कुकटपल्लीच्या नव्या शाखेत. रेणूच्या वाट्याला मीच. दुपारची सुट्टी बंद झाली आणि माझा दगड कपाटात गेला.

"सर, धार लावायला थोडी तरी फुरसत पाहिजे. हात बहुत दुखतो हो," रेणू म्हणाली.

"रेणू, तुम्ही आधी ॲटिट्यूड बदला. मन लावून काम केलं की काही दुखत नाही," डॉक्टर म्हणाले.

भिंतीवर त्यांनी 'या महिन्याचा हसरा चेहरा' असा फलक लावला होता आणि त्यावर रेणूचाच फोटो होता. तो बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फोटोखाली बसलेली रेणू आता पेशंटला नाव विचारत नसे. "उघडा," "थुंका," एवढंच बोलायची. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायची. जी मुलगी जीव ओतून काम करायची, ती पाट्या टाकू लागली. मला तिचाही राग यायचा.

अशात एकदा मालनबाई आल्या. रेणूच्या घराशेजारच्या, मधुमेह असलेल्या, हिरड्या आधीच नाजूक. आता ऐका. बोथट स्केलरची एक वाईट खोड असते. तो कीटण उखडत नाही, वरवर घासून गुळगुळीत करतो. मग तपासायची सळई फिरवली तरी कुठे अडकत नाही. धार असती तर मी ते कीटण खाली पाडलं असतं. हात दमलेला नसता तर रेणूलाही समजलं असतं. तिने सळई फिरवली, कार्डावर 'साफ' लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. मला ओरडता येत नाही.

चार महिन्यांनी मालनबाई गाल सुजवून परत आल्या. हिरडीत पू झाला होता. समोरचा दात डॉक्टरांना काढावाच लागला.

"पेशंट नीट ब्रश करत नाही, असं लिहा," डॉक्टर रेणूला म्हणाले.

रेणूने कार्ड पुढे ओढलं. मग तिने लिहिलं : 'स्केलर बोथट होता. कीटण माझ्याकडून राहिलं.' आणि ते मालनबाईंना वाचून दाखवलं. त्या क्षणी मी तिच्यावरचा सगळा राग सोडून दिला.

मालनबाईंनी तोंडावरचा रुमाल बाजूला केला. "खरं बोललीस म्हणून माझा दात येतो का गं परत? लोकं म्हणत होते, दुसरीकडं जा. मीच म्हणलं, नक्को, आपली रेणू हाय." त्या उठून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत.

डॉक्टरांनी मला ट्रेमध्ये आपटलं. "बोथट होता तर फेकायचा! दुसरा मागवला असता."

"आणि हा हात, सर?" सुजलेलं मनगट पुढे करत रेणू म्हणाली. "हा कुठून मागवणार होता?"

तिने ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि ती गेली. मला मात्र कुणी फेकलं नाही, डबे उघडायला ठेवून घेतलं. फलकावर आता मीना आहे. छान हसते. तिला धार लावायचा दगड कुणी दाखवलेलासुद्धा नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका, मी पोलादाचा आहे. पण उद्या तुमच्यातलं कुणी मालक झालं, तर हाताखालच्या माणसाला त्याचा पाऊण तास द्या. तो देणार नसाल, तर निदान त्याला हसायला सांगू नका.