गुरुवारचं ठिगळ

नदीच्या बांधावरच्या रस्त्यावर तिनेकेच्या मांडीला गार वारा झोंबला आणि पँट पुन्हा गेली, हे तिला न बघताच कळलं. जागा ठरलेलीच होती. सायकलच्या सीटचं टोक दोन मांड्यांच्या मध्ये घासतं, तिथं आधी कापडावर बारीक गोळे धरतात, मग ते विरत जातं, आणि एखाद्या दिवशी पेडल मारता मारता टर्र होतं. गुडघे धड, खिसे धड, शिवणी धड. बाकीची पँट अजून कितीतरी वर्षं जाईल अशी, आणि नेमकं नको तिथं भोक.

काम्पेन गावात घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमांवर पट्ट्या बांधायच्या, गोळ्या मोजून द्यायच्या, सुजलेल्या पायांवर घट्ट मोजे चढवायचे, हे तिनेकेचं काम. ऊन असो, पाऊस असो, सगळं सायकलवर. त्या दिवशी उरलेल्या घरांतून ती लांब कोट न काढताच हिंडली. एका आजोबांना वाटलं, हिला थंडी वाजतेय. त्यांनी बिचाऱ्यांनी खोली इतकी तापवली की तिच्या कानशिलांवरून घाम निथळायला लागला.

संध्याकाळी तिनं पँट धुतली आणि गुरुवारी पिशवीत घालून खेसिनाकडे नेली.

खेसिना तिची सासू. म्हणजे, होती. रूलोफपासून वेगळं होऊन तिनेकेला आता बरीच वर्षं झाली होती, आणि तो मारीस्काबरोबर नदीपलीकडे नव्या घरात राहत होता. घटस्फोटानंतरचा पहिला अख्खा हिवाळा तिनेके सासूच्या दारासमोरून नुसती जात राहिली. थांबायचं कोणत्या नात्यानं, हे तिला कळेना. मग एक दिवस खेसिनाचाच फोन आला. "हल्ली तुझ्या पँटी कोण शिवतं?"

"कोणी नाही, मा. फाटल्या की टाकते."

"टाकतेस? अगं, लाज वाटू दे जरा. गुरुवारी घेऊन ये."

तेव्हापासून गुरुवार तिनेकेचा आणि रविवार रूलोफ-मारीस्काचा. असं कुणी ठरवलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं.

नवरा आणि चार मुलगे, सगळे सायकलवाले. खेसिनानं आयुष्यभर त्यांच्या पँटींची बुडं सांधली होती. पँट हातात घेतली की ती माणूस सांगायची. "रूलोफची नेहमी डावीकडून जाते. लहानपणापासून कलूनच बसतो तो. तुझी बघ, दोन्हीकडून सारखी." हे ऐकलं की तिनेकेला उगाचच बरं वाटायचं.

त्या गुरुवारी खेसिनानं कॉफी ओतली, मसाल्याच्या केकचा एकेक काप बशीत ठेवला, पाहुण्याला एकच काप या तिथल्या रीतीप्रमाणे डबा लगेच बंद केला आणि पँट मांडीवर घेतली. भोकाच्या कडेनं बोटं फिरवली. खिडकीच्या पडद्याला दोरा ओवलेल्या सुयांची रांग टोचलेली तिनेकेला दिसली.

"या कोणी ओवून ठेवल्या?"

"शेजारीण आली होती. तिला काही उद्योग नव्हता." खेसिनानं पँटची घडी घातली. "पुढच्या गुरुवारी ने."

पुढच्या गुरुवारी पँट तयार होती, नेहमीसारखी इस्त्री करून. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या घाईत तिनेकेनं ती चढवायला घेतली. उजवा पाय सरळ गेला. डावा मांडीपाशी अडला. तिनं जोर लावला, एका पायावर लंगडी घालत कपाटावर आदळली, आणि मग पँट उलटी करून पाहिली. ठिगळ अगदी घट्ट, बारीक टाक्यांनी लावलं होतं, पण पुढचं आणि मागचं कापड एकत्र धरून. पँटचा डावा पाय शिवून बंद केला होता.

तिनेकेला आधी खो खो हसू आलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत औषध घालणारी बाई मी, आणि खेसिनाकडे मात्र डोळेझाक केली! केक कापताना सुरी अलीकडे पडते, कपात ओतलेली कॉफी बशीत उतरते, टीव्ही नुसता ऐकला जातो. हे सगळं तिनं बघितलं होतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

तिनं कात्रीनं टाके उसवले. शिवणकामात तिला शून्य गती. दुकानातून इस्त्रीनं चिकटवायचं ठिगळ आणलं आणि कसंबसं बसवलं. आता गुरुवारी काय सांगायचं, याचा तिनं चार घरं फिरता फिरता विचार केला आणि काहीच सांगायचं नाही असं ठरवलं.

गुरुवारी कॉफी झाली. खेसिनानं विचारलं, "पँट कशी झाली?"

"छान झाली, मा. आज घातलीच आहे."

"दोन्ही पाय गेले आत?"

तिनेकेचा कप ओठापाशीच थांबला.

"रूलोफचीही तशीच शिवली मी," खेसिना म्हणाली. "त्यानं रविवारी आल्या आल्या सांगितलं. 'मा, पँट आहे की पोतं? तुला दिसत नाही, आता सुई सोड.' मारीस्का त्याला गप्प करत होती. राग आला मला. पण त्यानं सांगितलं तरी. आणि तू? छान झाली म्हणे!"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग वाटलं असतं! माझं मला वाईट वाटू दे की. त्या म्हाताऱ्यांशी बोलतेस ना लाडेलाडे, तशी माझ्याशी बोलू नकोस. मी तुझी पेशंट नाही."

तिनेकेचा चेहरा लाल झाला. तिनं कप खाली ठेवला. "खरं सांगू? तुमच्यासाठी नाही बोलले खोटं. माझ्यासाठी बोलले. तुम्ही शिवणं थांबवलं असतं, तर मग मी इथं काय घेऊन आले असते?"

खेसिना जरा चिडूनच म्हणाली, "का? पँटशिवाय येता येत नाही तुला?"

शब्द तोंडातून सुटले आणि काय बोललं गेलं ते दोघींना एकदमच कळलं. खेसिनाच्या ओठांचे कोपरे थरथरले. "या थंडीत, बांधावरून?" तिनेके म्हणाली, आणि मग म्हातारी टेबलाला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिनेकेही. शेजारणीनं भिंतीवर टकटक केलं तेव्हा कुठं थांबल्या.

तिनेके निघताना खेसिनानं पडद्याच्या सुया चाचपून एकेक काढल्या आणि शिवणाच्या डब्यात टाकल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे तूच ने मला. रूलोफ आला तर डॉक्टरशीच भांडायचा."

डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. कडेकडेचं दिसतं तेवढं सांभाळायचं. खेसिनानं ते ऐकलं आणि परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "म्हणजे लोकांकडे तिरकं बघायचं. ते तर मी आधीपासून करतेय."

पुढच्या गुरुवारी तिनेके रिकाम्या हातानं गेली. पँट तिनं नवी घेतली होती. कॉफी झाली, केक झाला, आणि मग दोघींच्या लक्षात आलं की बोलायला काही नाही. इतकी वर्षं पँटीच बोलत होत्या: कुठं विरली, कापड कसलं, हल्ली दोऱ्यात कसा दम नाही. तिनेके टेबलावरचे केकचे कण बोटानं गोळा करत बसली. खेसिनाचे हात मांडीवर नुसते पडून होते.

"एक विचारू?" खेसिना म्हणाली. "तू रूलोफला का सोडलंस? त्याला मी कधी विचारलं नाही. आणि तुला विचारायचा मला हक्क नव्हता."

तिनेकेनं उत्तर आधी गिळलं. मग मागचा गुरुवार आठवून सरळ सांगितलं. "त्यानं काही केलं नाही, मा. मारलं नाही, बाहेर काही नव्हतं. मारीस्का नंतरची. पण मी पावसात भिजून घरी यायचे, कोण गेलं, कोण वाचलं ते मनात घेऊन यायचे, आणि तो पेपरातून मान वर करायचा नाही. एक दिवस मी मुद्दाम ओल्या कपड्यांनीच जेवायला बसले. त्याच्या लक्षात आलं नाही."

खेसिना तिच्याकडे मान जराशी वळवून, कडेच्या नजरेनं बघत होती.

"त्याचा बापही तसाच होता," ती म्हणाली.

"मग तुम्ही?"

"मी शिवत बसायचे. खाली मान घालून शिवत बसलं की समोरचा बोलतो की नाही, ते दिसत नाही." "तू गेलीस तेव्हा मला तुझा राग आला होता. पुष्कळ. माझ्या पोराला सोडलं म्हणून नव्हे."

तो राग कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही, आणि तिनेकेनं विचारलं नाही. तिनेकेनं उठून पुन्हा कॉफी ठेवली. खेसिनानं केकचा डबा पुढे ओढला, झाकण काढलं आणि डबा तसाच उघडा ठेवला.