साडेसतराशे किलोमीटर, सरळ

नकाशावर दोरा ताणून अंतर मोजायची मला खोड आहे. मोहगावच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, दुसरं येतं काय? दोन वर्षांपूर्वी शेजारचे भगवंतराव बायकोला घेऊन अंतर विचारायला आले, तेव्हा मी फुशारूनच गेलो. त्यांच्या चंचलला स्थळ आलं होतं. मुलगा सौंसरचा, नोकरी मात्र आसामात, डिब्रूगडला. केसरबाईंची अट एकच होती.

"सकाळी निरोप गेला त दिवा लागाच्या आत पोरगी दारात पाहिजे, गुरुजी. मले माह्या मायचं तोंड पाहाले नाही भेटलं."

मी ॲटलास उघडला, दोरा लावला, पट्टीवर धरला. आमचं जवळचं विमानतळ नागपूर; तिथून डिब्रूगड साडेसतराशे किलोमीटर. "विमानानं अडीच तास, वहिनी. आपल्याले जबलपूरले जायाले याच्याहून जास्त लागते." केसरबाई हसल्या. लग्न ठरलं, आणि मला पहिल्या पंगतीत बसवलं.

परवा पहाटे केसरबाई झोपेतच गेल्या. पाचला चंचलला फोन गेला. अंगणात जमलेले लोक पोरगी कधी पोचेल हे मलाच विचारत होते. "दुपारी दोनपर्यंत दारात," मी छातीठोक सांगितलं. बर्फ मागवला.

दहा वाजता भगवंतरावांचा थोरला मुलगा केतन मोबाइल घेऊन आला. "गुरुजी, हे ताईचं तिकीट." डिब्रूगडहून कोलकाता, तिथं रात्रभर मुक्काम, मग मुंबई, मग नागपूर. पोचायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी बारा.

"थेट विमान पाहा ना," मी म्हणालो.

"थेट जातच नाही, गुरुजी."

जन्मात विमानात बसलो नव्हतो मी, आणि विमान माझ्या दोऱ्यावरून जातं असं धरून चाललो होतो. भगवंतराव बर्फावर पोतं टाकायला उठले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एप्रिलचं ऊन, बर्फ किती पुरणार? दिवा लागायच्या आत सगळं उरकावं लागलं.

काल दुपारी चंचल आली. मी तोंड लपवून घरात बसलो होतो, तर थोड्या वेळानं तीच माझ्या दारात. आत आली नाही, सुतक होतं. उंबऱ्याबाहेर बसली.

"पोरी, माझ्याच्यानं मोठी चूक झाली," मी म्हणालो.

"तुमची नाही, गुरुजी. मले लग्नाच्या आधीच मालूम होतं. ह्यांनी सांगतलं होतं, येयाले दोन दिवस लागते." ती खाली बघत होती. "पण मले हे स्थळ पाहिजे होतं. आईनं इचारलं त मी म्हटलं, गुरुजीले इचार. वर्गात तुमच्या दोऱ्याचं टोक मीच धरत होती ना. तुमी सरळच मोजसान, हे मले मालूम होतं."

सांगायला लाज वाटते, पण आधी मला हायसंच वाटलं. मग तिचे सुजलेले डोळे दिसले.

"बाबाले नोका सांगू," ती म्हणाली.

तेवढ्यात भगवंतराव तिला शोधत फाटकाशी आले.

"गुरुजी, लोक तुमाले बोलून राहिले. खरं सांगा, थेट इमान नाही हे कोणालेच मालूम नव्हतं?"

चंचलनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"कोणालेच नाही," मी म्हणालो. "मीच चुकीचं मोजलं."